वाढीव गुण

श्रीधर माट्यांनी छत्तीस वर्षांत एकाही मुलाला वाढीव गुण दिला असेल तर शपथ. हडपसरच्या शाळेतले हे गणिताचे मास्तर परीक्षेच्या दिवसांत भरारी पथकात असायचे, आणि ते जिना चढताहेत म्हटल्यावर मुलं चिठ्ठ्या गिळायची. अशा माणसाच्या नशिबी म्हातारपणी पुन्हा गुणांचीच यादी यावी, याला काय म्हणावं!

त्यांचं यकृत निकामी होत चाललं होतं. दारूचा थेंब कधी नाही, आजारच तसा. दुसऱ्याचं यकृत मिळावं म्हणून यादीत नाव लावलं होतं, आणि यादी रक्ततपासणीच्या गुणांवर लागायची. फक्त इथे सगळं उलटं. जितके गुण जास्त तितका माणूस मरणाजवळ, आणि जो मरणाजवळ त्याचा नंबर वर. मास्तरांची बायको उल्का पथ्यपाण्याला अशी कडक, की मार्चमधले अठ्ठावीस गुण जूनमध्ये एकवीसवर आले. तिने देवापुढे साखर ठेवली. मास्तरांनी मात्र तोंड फिरवलं, कारण आता यादीत अय्युब त्यांच्या पुढे गेले होते. अय्युब मंडईमागे घड्याळं दुरुस्त करायचे. रक्तगट तोच, गुण सत्तावीस. तपासणीच्या बाकावर दोघे आणि दोघांच्या बायका शेजारी शेजारी बसत.

ऑगस्टमध्ये मास्तरांचे गुण एकदम तीस झाले. डोळे पिवळेजर्द, पोटाचा नगारा. आपलं काय चुकलं, या विचाराने उल्काला एका जागी बसवेना. भाजी निवडता निवडता उठायची, औषधांचा कागद पुन्हा वाचायची, पुन्हा येऊन बसायची.

गुरुवारी दुपारी रुग्णालयातून फोन आला. "यकृत मिळतंय. ताबडतोब निघा."

पिशवी भरताना तिने मास्तरांच्या जुन्या चष्म्याची डबी उचलली. डबी खुळखुळली. आत चष्मा नव्हताच. यकृताची सूज दाबायच्या पांढऱ्या गोळ्या होत्या, एकोणीस. रोज सकाळी तिने स्वतःच्या हाताने दिलेल्या.

रिक्षात बसल्यावर तिने डबी त्यांच्यासमोर धरली. "हे काय आहे?"

मास्तर बाहेर बघत राहिले. गाडीतळाच्या चौकात सगळी वाहनं खोळंबली होती.

"तू मला एवढं जपलंस की मी मागे पडलो," ते म्हणाले. "एकवीस गुणांवर माणूस बरा होत नाही, उल्का. नुसता हळूहळू मरतो."

"आणि अय्युबभाई? दहावीच्या पोरांना कॉपी केली म्हणून वर्गाबाहेर काढायचात ना तुम्ही?"

"पोरं नापास व्हायची. मरायची नाहीत."

तिला त्यांचा संताप आला आणि त्याच क्षणी त्यांचा सुजलेला हात सोडवेना.

रुग्णालयात बाकावर अय्युब आणि त्यांची बायको कमरजहां आधीच येऊन बसले होते. पहिल्याचं ऐन वेळी काही बिघडलं तर हाताशी असावा म्हणून दुसऱ्यालाही बोलावतात. "या सर," अय्युब उठून उभे राहिले. "तुमचं नीट होऊ द्या. आम्ही नुसते राखीव खेळाडू."

मास्तरांचं रक्त तपासून त्यांना आत नेल्याबरोबर उल्का डॉक्टरांच्या खोलीत शिरली आणि टेबलावर डबी उपडी केली. "हे गुण खोटे आहेत, डॉक्टर. एकोणीस दिवस यांनी गोळी घेतलेली नाही."

डॉक्टर चिडून म्हणाले, "गुण खोटे नाहीत, बाई. रक्त आजचं आहे. आज ते खरंच तीसवर आहेत. का झाले, याला यादीत रकाना नाही. आता परत पाठवले तर आठवडा काढणार नाहीत. पाठवू?"

उल्काने नकारार्थी मान हलवली आणि एकेक गोळी वेचून डबीत भरली. तिला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच तिला शिसारी आली.

तासाभराने परिचारिका बाहेर आली. मास्तरांना शस्त्रक्रियेला घेतलं होतं, अय्युबनी घरी जायला हरकत नव्हती. अय्युब चपला शोधू लागले. कमरजहांने चहाचा थर्मास उल्काच्या हातात दिला.

"राहू द्या तुमच्याकडे, वहिनी. तुम्हाला बसायचंय अजून. आणि आता सरांना गोळ्या वेळेवर द्या हं. आमचे एक दिवससुद्धा चुकवत नाहीत," ती अभिमानाने म्हणाली. "म्हणून तर सत्तावीसच्या वर गेले नाहीत."

उल्काने मान डोलावली. पदराखाली तिने डबी मुठीत घट्ट आवळून धरली होती, वाजू नये म्हणून.