कॅथरीनने बॅगपाइप धुतला

ऐन सिद्रा हे गाव एवढंसं होतं, की एका टोकाला बकरी शिंकली तर दुसऱ्या टोकाचा माणूस रुमाल शोधायचा. अमिरातीत, मसाफीच्या पुढे डोंगरात खजुराची एक बाग, एक मशीद, एक किराणा दुकान आणि मूठभर घरं. पण फेब्रुवारी आला की याच गावात असा काही आवाज घुमायचा, की समोरच्या डोंगरावरचे दगड नीट ऐकू यावं म्हणून दोन-दोन बोटं खाली सरकायचे. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, दगड अजून खालीच आहेत.

त्या दिवसांत तिथे सेल्टिक फेस्टिवल भरायचा. अबू धाबीतले आणि शेजारच्या मुसफ्फातले स्कॉटिश, आयरिश फोरमन, इंजिनियर, नर्सेस एकत्र जमायचे आणि आपल्या गावाकडची जुनी गाणी वाजवायचे, नाचायचे. तिकीट नाही, पगारी माणूस नाही. जो येईल तो व्हॉलंटियर, मग तो कुठल्या का देशाचा असेना. नियम दोनच. एक, कॅसेट लावायची नाही. जे वाजवायचं ते हाताने नाहीतर तोंडाने. आणि दुसरा, गावाला दिलेला शब्द, की मगरिबच्या, म्हणजे सूर्य मावळतानाच्या अजानच्या आत सगळं बंद. त्यानंतर टाचणीसुद्धा पाडायची नाही.

अठ्ठ्याण्णव साली चहा-सँडविचचं खातं वसईच्या कॅथरीनकडे होतं. कॅथरीन अबू धाबीच्या एका हॉटेलात हाऊसकीपिंग सुपरवायझर. तिने नुसतं रोखून बघितलं की चादरीवरचा डाग स्वतःहून उठून चालायला लागायचा म्हणे. तिचा नवरा आर्थर मुसफ्फाच्या यार्डात ड्राफ्ट्समन, आणि त्याच यार्डात सॅम नावाचा स्कॉटिश फोरमन. हा सॅम म्हणजे लाल दाढीचा डोंगर. फेस्टिवलचा बॅगपाइप, म्हणजे काखेत दाबायची पिशवी आणि तिला नळ्या, तोच वाजवायचा. दुसरा एक वाजवणारा होता, पण त्याला कंपनीने आयत्या वेळी समुद्रातल्या रिगवर पाठवलं होतं.

आणि सॅमनेच कॅथरीनच्या मुलीला, बारा वर्षांच्या सँड्राला, स्कॉटिश नाच शिकवला होता. एका हाताची कमान डोक्यावर, एका पायावर उड्या, दुसरा पाय हवेत असा फिरवायचा की बघणाऱ्याला भोवळ यावी. पोरीने घरात एवढा सराव केला, की खालच्या मजल्यावरच्या शहनाझचा पंखा निखळून थेट तिच्या बिर्याणीत पडला. शहनाझने वर येऊन विचारलं, "तुमने घोडा पाला है क्या?"

सँड्राचं हे पहिलंच स्टेज, आणि शेवटचंही. मार्चमध्ये आर्थरचं कॉन्ट्रॅक्ट खलास. मग सामान बांधायचं आणि वसईला परत. वसईत बँड भरपूर, पण बॅगपाइप कोण वाजवणार?

गुरुवारी संध्याकाळी सगळे गावात पोचले. तंबूत दव पडतं म्हणून सॅमने बॅगपाइप कॅथरीनच्या हवाली केला. तिला गावातल्या अजीज आणि खतीजाच्या घरची मागची खोली मिळाली होती, पक्क्या भिंतींची. सॅम यार्डात शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "कॅथरीन, संभालके रखो. ये मेरा बीवी से पुराना है."

आता इथे सॅमचं चुकलं. दुसऱ्याची वस्तू मराठी बाईच्या हातात दिली तर ती तशीच परत येत नाही. भांडं घासून येतं, छत्री पुसून येते, साडी इस्त्री होऊन येते. शुक्रवारी सकाळी कॅथरीनला खोलीत वास आला. ओलं चामडं, शिळा घाम, आणि बरण्यांच्या तळाला असतो तसला काहीतरी. तिने नाक पुढे करून शोधलं. पिशवी!

"शी! हे तोंडाला लावतात?" ती म्हणाली.

मग काय, बाईने पदर खोचावा तसा टी-शर्ट खोचला. लाकडी नळ्या ओढून काढल्या, टॉवेलवर उंचीप्रमाणे ओळीने मांडल्या. चौकड्यांचं कव्हर वेगळं काढलं. आतली चामड्याची पिशवी गरम पाण्यात बुडवली. साबण, डेटॉल, बाटल्या धुवायचा ब्रश, तिन्ही आयुधं चालवली. आतून काळा चिकट राप निघाला, निघतच राहिला. जसजसा तो निघाला तसतसा कॅथरीनचा चेहरा उजळला. पिशवी एवढी स्वच्छ झाली, की बघून अजीजच्या बकऱ्यांनी मान खाली घातली. दोरीवर वाळत टाकून ती सँडविचला लागली.

दुपारी सॅम स्कॉटिश घागरा-मोजे असा सगळा साज चढवून आला. सँड्रा मागे, केसांचा घट्ट अंबाडा, पायात नाचाचे बूट. कॅथरीनने बॅगपाइप पुन्हा जोडून, कव्हर इस्त्री करून, नवरीसारखा त्याच्या हातात दिला.

सॅमने फुंकलं.

फुस्स.

पुन्हा फुंकलं. फुस्स्स. पिशवीच्या अंगाअंगातून वारा बाहेर. सॅमचं तोंड आधी गाजर झालं, मग टोमॅटो, मग वांगं. त्याच्या फुंकेने समोरच्या कागदी प्लेटा उडून पार मशिदीपर्यंत गेल्या, पण पाइपातून सूर काही निघेना.

सॅमने पिशवीला नाक लावलं. "कॅथरीन," तो हळूच म्हणाला, "इसमें हॉस्पिटल का वास क्यों है?"

कॅथरीनचा हात कपाळावर गेला. लपवण्यासारखं काही नव्हतंच, डेटॉल सगळं सांगत होतं. "सॅम, मी... मैंने धोया."

"बाहर से?"

"अंदर से. ब्रश घालून."

सॅम बर्फाच्या पेटीवर मटकन बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तिला समजावलं, की ती घाण नव्हती, मसाला होता. चामड्याची बारीक छिद्रं बुजवायला आतून मुरवलेला असतो. तो गेला की पिशवीची गाळणी होते.

सँड्रा आईकडे बघत होती. "सो आय अ‍ॅम नॉट डान्सिंग?"

"बेटा, थांब जरा—"

"ममा, यू वॉश्ड माय डान्स!"

आणि पोरगी त्या बुटांत टकटक करत बाहेर गेली. दुपारच्या उन्हात एका खजुराला टेकून बसली. रडत नव्हती, नुसती बुटांची लेस सोडत होती. एक सोडली, मग दुसरी. डाग काढायचे कसे ते कॅथरीनला जगातलं सगळं माहीत, पण घालायचे कसे?

"सॅम, वो मसाला कैसा होता है?"

"इधर किधर मिलेगा? मेरा दादा शक्कर का काला पाक डालता था. गाढ़ा, चिकट, उँगली डाला तो उँगली वापस नहीं आएगा."

"काकवी!" कॅथरीन उभीच राहिली. "अरे, सकाळी खतीजाने रोटीबरोबर काय वाढलं होतं?"

दिब्स. खजुराचा पाक. खतीजाच्या कोठीत त्याच्या बरण्या अशा मांडलेल्या, की तिची तीन नातवंडं म्हणे त्या पाकात पडून गोड झाली होती. कॅथरीन पळत सुटली आणि पळता पळता नवऱ्याला ओरडली, "आर्थर, प्रोग्रॅम लांबव! काहीही कर!"

कार्यक्रमाची आखणी आर्थरकडे होती खरी, पण बिचारा अबोल माणूस. त्याने मैदानाकडे बघितलं. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज होऊन गेली होती, लोक सतरंज्यांवर बसले होते, गावचे म्हातारे पुढच्या खुर्च्यांवर. बाकीची मंडळी वाजवून झाली होती आणि आता फक्त बॅगपाइप आणि नाच उरला होता. मग त्याला पार्किंगमध्ये शिट्टी फुंकणारे राजाभाऊ दिसले.

राजाभाऊ म्हणजे अबू धाबीच्या गणपतीचे कायमचे सूत्रसंचालक. त्यांचा हात माइकला लागू नये म्हणूनच आर्थरने त्यांना गाड्यांवर नेमलं होतं. आता तोच गेला आणि म्हणाला, "राजाभाऊ, जरा अर्धा तास बोलाल का?"

राजाभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अर्धा तास? अरे आर्थर, मी नुसते आभार पाऊण तास मानतो!"

आणि शिट्टी आर्थरच्या गळ्यात घालून ते स्टेजवर गेलेसुद्धा. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग... लेडीज अँड जेंटलमेन, या इख्वान, ब्रदर्स, बिफोर बॅगपाइप, सत्कार!"

गाडीच्या डिकीत मृणालिनीने, म्हणजे राजाभाऊंच्या बायकोने, घरासाठी घेतलेलं नारळाचं पोतं होतं. ते स्टेजवर आलं. शाल मात्र एकच, मृणालिनीच्याच खांद्यावरची. एकाला घालायची, फोटो काढायचा, हळूच काढून घ्यायची, पुढच्याला घालायची. बासरीवाल्यांचा सत्कार झाला, फिडलवाल्या नर्सबाईंचा झाला, गावच्या मुख्तारांचा, म्हणजे पाटलांचा झाला. पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरचा झाला. गोऱ्या लोकांना असा कधी कोणी नारळ दिला नव्हता. त्यांनी चक्क रांग लावली. एक आयरिश तर दोनदा आला, दुसऱ्यांदा टोपी घालून.

"अहो, पुरे!" मृणालिनी खालून म्हणाली. "चटणीला तरी एक ठेवा!"

इकडे खतीजाच्या स्वयंपाकघरात दिब्स कोमट झाला होता. खतीजाचा नवरा अजीज पिशवीचं तोंड धरून बसला. त्याच्याकडे स्वतःचा हब्बान होता, आखाताकडचे लोक वाजवतात तो बकरीच्या कातड्याचा बॅगपाइप. त्यावर सॅमची धून वाजत नसे, तरी पिशवीचा प्रकार त्याला परका नव्हता. पण साबणाचं ऐकून तो हसून हसून गडाबडा लोळायचा बाकी राहिला.

"साबुन? मेरी बीवी ने चालीस साल में मेरे को साबुन नहीं लगाया!"

"लगाती तो तू भी लीक करता," खतीजा म्हणाली. "यल्ला, पकड़!"

कॅथरीनने पाक ओतला. अजीजने नळ्यांची भोकं बुचं लावून बंद केली आणि मग दोघी बायकांनी ती पिशवी कणकेसारखी मळली. वरून, खालून, कडेने. सॅम डोक्यावर हात ठेवून बघत होता. जास्तीचा पाक घमेल्यात निथळला. फुंकून बघितलं. शिवणीतून बुडबुडे! पुन्हा पाक, पुन्हा मळणं. कॅथरीनच्या कोपरापर्यंत दिब्स, केसांत दिब्स, भुवईवर एक माशी अडकलेली. पुन्हा फुंकलं.

पिशवी फुगली. फुगलेलीच राहिली. आईला बाळाचं पहिलं रडणं ऐकून वाटतं ना, तसं त्या चौघांना ती गप्प पिशवी बघून वाटलं.

"चलो!" सॅम ओरडला.

बाहेर येऊन बघतात तर सूर्य डोंगराच्या कडेला टेकायला आलेला, आणि राजाभाऊ माइकला चिकटलेले. माणसं संपली होती म्हणून ते आता जनरेटरला नारळ वाढवायच्या तयारीत होते.

"राजाभाऊ, खलास करा!" आर्थरने शिट्टी फुंकली.

"होय, होय, आता फक्त समारोप! टू कन्क्लूड, आय विल गो बॅक टू नाइन्टीन सिक्स्टी-टू..."

"बासष्ट?" कॅथरीन किंचाळली. "आमच्याकडे पाच मिनिटं आहेत हो!"

सॅमने वाट बघितली नाही. राजाभाऊंच्या अगदी कानामागे उभा राहिला आणि पिशवी काखेत दाबली. असा काही हंबरडा निघाला, की राजाभाऊ माइकसकट उडाले आणि थेट नारळाच्या पोत्यावर बसले. लोकांना वाटलं हाही प्रोग्रॅमच. टाळ्यांचा कडकडाट झाला.

कॅथरीन खजुराकडे धावली. सँड्रा आधीच उभी होती. आवाज ऐकून लेस बांधायला लागली होती, पण घाईत गाठ बसत नव्हती. कॅथरीन गुडघ्यावर बसली आणि चिकट हातांनी तिने गाठ मारली. ती गाठ पुढे वसईला जाऊन कात्रीने सोडवावी लागली म्हणतात.

"गो, बेटा!"

"ममा, यू स्मेल लाइक डेझर्ट!" म्हणत पोरगी स्टेजवर.

आणि काय नाचली! फळ्या दणाणल्या. हात कमानीसारखा वर, पाय असे चालत होते की चार होते का आठ, गावात अजून वाद आहे. सॅमच्या कोपरातून पाक ठिबकत होता, मोज्यांत उतरत होता. वासावर अजीजच्या बकऱ्या आल्या, स्टेजवर चढल्या आणि सॅमचे मोजे चाटायला लागल्या. गुदगुल्यांनी त्याचे डोळे पांढरे झाले, पण पठ्ठ्याने सूर सोडला नाही. पुढच्या खुर्च्यांवरचे म्हातारे काठ्या आपटायला लागले. खतीजाने तोंडापुढे हात धरून लग्नात काढतात तसा लांब आवाज काढला.

शेवटची फेरी उरली होती. सँड्राने उडी घेतली, एक पाय हवेत, आणि बॅगपाइप गचकला. नळीत पाक बसला. गुळगुळ, गुळगुळ, आणि मग काहीच नाही.

सगळीकडे शांत. बकऱ्यासुद्धा थांबल्या. सँड्रा खाली आली आणि आईकडे बघायला लागली. डोंगरावर सूर्याची नुसती किनार उरलेली.

कॅथरीनने टाळी वाजवली. एकच. मग दुसरी. घरात रोज ऐकलेला ठेका, पंखा पाडणारा. आर्थरने उचलला, अजीजने उचलला, सॅमने पाय आपटला, राजाभाऊंनी पोत्यावर बसूनच दोन नारळ एकमेकांवर वाजवायला घेतले. सबंध मैदान वाजायला लागलं. सँड्राच्या तोंडावर हसू आलं, असं की तेवढ्यासाठी सूर्य म्हणे अर्धा मिनिट थांबला. तिने ती फेरी पुरी केली, शेवटची गिरकी घेतली, दोन्ही पाय एकदम टेकवले आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

कॅथरीनच्या तळव्यांना तो पाक. टाळी वाजली की हात चिकटायचे, ती ओढून सोडवायची, पुन्हा वाजवायची. मशिदीच्या भोंग्यावर अजान द्यायला मुअज्जिन खाकरला तेव्हा सगळं मैदान एकदम गप्प झालं, आणि कॅथरीनचे हात एकमेकांना घट्ट चिकटलेले राहिले. तिने ते तसेच राहू दिले.