निनावी अर्जाचा जावक क्रमांक

शनिवारी सकाळी आठला हनुमंतराव दारात येऊन उभे राहिले. सेतुरामांनी आधी त्यांच्या हातातला कागद पाहिला, मग चेहरा, मग पुन्हा कागद. कागद सेतुरामांचाच होता.

या गावात बिनसहीच्या अर्जाला ‘मोट्टै कडिदासी’ म्हणतात, म्हणजे टकले पत्र. तंजावुरात अशी टकली पत्रे पुष्कळ जन्मतात आणि त्यांचे आईबाप कधी सापडत नाहीत. सेतुरामांनी तर आपले पत्र चांगले तमिळीत, डाव्या हाताने लिहिले होते. पण तालुका कचेरीत बत्तीस वर्षे काढलेला माणूस. दूधवाल्याला ‘पाणी कमी घाल’ म्हणून चिठ्ठी लिहिली तरी तिच्यावर क्रमांक घालायचा. पत्र पुरे झाल्यावर उजव्या हाताने आपल्या सवयीने वरच्या कोपऱ्यात ‘जा. क्र. ३/९५’ असे वळणदार लिहिले होते आणि खाली ‘प्रत : दप्तरी’. राजवाड्यामागच्या गल्लीत हे वळण शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

“किती लपवाल, सेतुराम?” हनुमंतराव म्हणाले.

पत्रात लिहिले होते की हनुमंतराव नव्या मजल्यावर घरगुती गॅसवर चोरून खानावळ चालवतात, रोज पहाटे चाळीस पाने उठतात आणि असल्या समाजकंटकाचा चुलखंड सील करावा. यातले एक अक्षर खरे नव्हते. खरे एवढेच होते की मुलाच्या बंगळुरूच्या पगारावर हनुमंतरावांनी मजला चढवला आणि सेतुरामांच्या गच्चीवरचे ऊन गेले.

पत्र वाचून गुरुवारी पहाटे पुरवठा खात्याचा साहेब चाळीस पाने पकडायला आला. पाने नव्हती. स्वयंपाकघरात गॅस कोंडला होता आणि हनुमंतरावांची सून शांभवी, सहा महिन्यांचे मूल काखेत घेऊन, दूध तापवायला काडी ओढणार होती. साहेबाने झडप घालून काडेपेटी हिसकावली आणि जाताना हा अर्ज हनुमंतरावांच्या हाती ठेवला.

“तुम्ही माझा नातू वाचवलात,” हनुमंतराव म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

सेतुरामांनी बसायला पाट पुढे सरकवला.

“मी रात्रभर विचार केला. गॅसचा वास येतो म्हणून लिहिले असते तर कोण आला असता? महिनाभर फाइल फिरली असती. तुम्ही खानावळ लिहिलीत, म्हणून साहेब पहाटे धावला. काय डोके हो. आणि वर नाव नको. दुसरा कोणी असता तर डंका वाजवला असता.”

इतका सुबक हेतू सेतुरामांना स्वतःला आठवडाभर बसून रचता आला नसता. तो असा तयार, इस्त्री करून, हातात आला.

“उद्या आपल्या मराठी संघात तुमचा सत्कार ठेवला आहे, शाल-श्रीफळ. आणि आज एक काम. तो गॅसवाला मणी. त्याने जुनी चिरलेली नळी बसवली. अकराला ठाण्यात तक्रार द्यायची आहे. त्याला आत घातल्याशिवाय मज चैन नाही. तुमच्यासारखा अर्ज या गल्लीत कोणाला येतो? साडेदहाला घेऊन या.”

ते गेले. आतून कनकलताबाई आल्या. “तुम्हांस गॅसचा वास आला होता?”

“तुला?”

“मज गच्चीत वाळत घातलेल्या माझ्या वडाम-कुरडयांचा आला. ऊन नाही, बुरशी धरली.” आणि त्या नवऱ्याकडे इतका वेळ पाहत राहिल्या की सेतुराम कागद आणायला उठले.

तक्रार लिहायला ते बसले तोच मागच्या दाराने मणी आला. चाळिशीचा माणूस, सायकलवरून सिलिंडर वाहून एक खांदा उतरलेला. तो तमिळीत हलक्या आवाजात बोलत होता.

“अय्या, मालक, माझा एक माफीचा अर्ज लिहून द्या. एजन्सीवाले म्हणतात, पोलिसांत नाव गेले की उद्यापासून येऊ नको.”

“चिरलेली नळी बसवलीस कशाला?”

“नव्या नळ्या पंधरा दिवस आल्या नव्हत्या, अय्या. शांभवी अक्कांची नळी फाटली. बाळाच्या दुधाचे काय म्हणून रडकुंडीला आल्या. मी माझ्या घरची काढून बसवली. आम्ही तेव्हापासून रॉकेलवर आहोत. जुनी आहे म्हटले, तर म्हणाल्या, चार दिवस चालेल.”

“तिला माहीत होते?”

मणी घाबरला. “ते लिहू नका. अक्कांचे नाव नको. त्यांना घरात बोल लागेल. नुसते लिहा, चूक झाली.”

“बरे, नाव येणार नाही,” सेतुराम म्हणाले, आणि मणी अंगणात उकिडवा बसून राहिला. सेतुरामांपुढे दोन कोरे कागद होते, एक तक्रारीचा आणि एक माफीचा. दोन्ही अर्ज त्यांना डोळे मिटून लिहिता आले असते. माफी मागून हनुमंतराव ऐकणार नव्हते. शांभवीचे नाव घ्यायचे नाही, असा शब्द गेला होता. मणीला वाचवायला खर्च करण्याजोगी एकच खरी गोष्ट हाताशी उरली होती आणि ती त्यांची स्वतःची होती. त्यांनी घड्याळ पाहिले. साडेदहा झालेच होते. दोन्ही कागद कोरेच घेऊन ते निघाले.

हनुमंतराव सदरा घालून, चपला पायाशी ठेवून तयार बसले होते. “वाचा,” ते म्हणाले.

“लिहिले नाही.”

“अकरा वाजतात, सेतुराम.”

“आधी माझा अर्ज पुन्हा वाचा. शेवटची ओळ.”

हनुमंतरावांनी चष्मा लावला. “असल्या समाजकंटकाचा चुलखंड सील करावा.” ते हसले. “साहेबाला पेटवायला लिहिलेत.”

“नव्हे. सील व्हावा म्हणून लिहिले. मज कसलाही वास आला नव्हता. तुमच्या भिंतीने माझे ऊन गेले, म्हणून लिहिले.”

हसू चेहऱ्यावर तसेच राहिले, पण आतून कोणी दिवा मालवावा तसे. “विनय पुरे झाला.”

“माझ्यात विनय आहे असे या गल्लीत आजवर कोणी म्हटले आहे?”

हे हनुमंतरावांना पटले. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. आतल्या दारात शांभवी फिल्टरची कापी घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

“गळती आहे हे माहीत असते तर?” हनुमंतरावांनी फार सावकाश विचारले.

“तर अर्ज लिहिलाच नसता. धावत आलो असतो.”

“आणि गळती नसतीच तर?”

“तर तुमची चूल बंद पडली असती आणि मी गच्चीत मजेत बसलो असतो.”

हनुमंतरावांच्या मानेची शीर उडत होती. ते उठून मारतील असे सेतुरामांना वाटले, आणि मारले तर बरे, असेही वाटले.

“मग हे मज सांगता कशाला? उद्या शाल घेऊन गप्प बसायचे.”

“मनात विष ठेवून मी लिहिले आणि मज शाल. मणीने स्वतःच्या घरची नळी काढून तुमच्या घरी लावली, बायकोला धुरात बसवले, आणि त्याला कोठडी. झाले काय तेवढेच मोजायचे तर मोजा. पण मग मनात काय होते ते माझ्या बाबतीत कशाला मोजलेत? रात्रभर जागून माझा हेतू शोधलात. त्याचा पाच मिनिटे शोधा.”

“त्याच्या हेतूने माझा नातू जळाला असता.”

“नळी जुनी आहे हे मज माहीत होते, मामंजी.”

शांभवी बोलली तेव्हा तबकातला डबरा, कापीची पितळी वाटी, वाजला. “मणीने सांगितले होते. मीच म्हटले, लाव. चार दिवस चालेल म्हटले. दोन दिवस झाले, सांगू सांगू म्हणते.”

हनुमंतरावांनी सुनेकडे पाहिले, मग सेतुरामांकडे. तेवढ्या वेळात अकराचे ठोके पडून गेले. तक्रार करायला निघालेल्या माणसाला आता ठाण्यात नेण्यासारखे घरातच दोघे सापडले होते, आणि त्यातल्या एकीच्या काखेत त्यांचा नातू झोपत असे.

त्यांनी चपला पायाने बाजूला सारल्या.

“एजन्सीला लिहा, आमची मणीविरुद्ध तक्रार नाही. मी सही करतो.”

सेतुरामांनी तिथेच लिहिले. क्रमांक घातला नाही. हनुमंतरावांनी सही केली, कागद परत दिला आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, “उद्या संघात येऊ नका. तुमच्यामुळे पोर जिवंत आहे, म्हणून हात उचलत नाही. तुमच्या मनात काय होते ते कळले, म्हणून आता शेजारी बसवत नाही. यापुढे या घरी येऊ नका.”

“सरी, ठीक,” सेतुराम म्हणाले आणि उठले.

“कापी केली आहे. पिऊन जा,” हनुमंतराव म्हणाले.

शांभवीने डबरा पुढे ठेवला. सेतुराम उभ्यानेच प्यायले. कापीत साखर नव्हती. विसरली होती की घातलीच नव्हती, हे त्यांनी विचारले नाही.