‘स्वतः’चा रकाना

‘शेजारी’ या रकान्यात मी सतरावी रेघ मारली. ‘नातेवाईक’मध्ये नऊ झाल्या होत्या. ‘स्वतः’ हा रकाना मात्र धुतल्यासारखा कोरा.

मुखेडच्या सभागृहात सकाळपासून बैठक चालू होती. मनाच्या आजारांसाठी तालुक्यात काय सोयी हव्यात, हे लोकांनाच विचारायला नांदेडहून डॉक्टर मॅडम आल्या होत्या. अक्षर चांगलं म्हणून शाळेने मला नोंदी लिहायला पाठवलं. (मी भाषणही चांगलं करते, पण ते कुणी विचारलं नाही.) एकेक जण उठायचा आणि शेजाऱ्याबद्दल बोलायचा. शेजाऱ्याला झोप येत नाही, शेजारीण स्वतःशीच बोलते, शेजाऱ्याचा भाऊ घराबाहेरच पडत नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, मुखेडात फक्त शेजारीच आजारी पडतात!

या सगळ्यांना चहा-पाणी देत फिरत होते माझे पप्पा, आनंदराज. ते तिथल्याच ऑफिसात शिपाई आहेत. एकोणीस वर्षं त्यांनी प्रत्येक बैठकीच्या खुर्च्या मांडल्या, पण बैठकीत तोंड कधी उघडलं नाही.

पप्पा चार वर्षांपासून मनाच्या आजाराच्या गोळ्या घेतात. त्यासाठी दर महिन्याला नांदेडला जावं लागतं. गल्लीत आणि ऑफिसात आम्ही सांगितलंय, मुतखडा आहे. हा आईचा शोध. चांगला होता, पण तो आमच्याच अंगलट आला. समोरच्या सरजाबाई मावशी रोज सकाळी मुतखड्यावर औषध म्हणून पानफुटीची दोन पानं आणतात आणि पप्पांनी चावून गिळेपर्यंत दारातून हलत नाहीत. खरी अडचण पुढेच. मुतखड्यासाठी माणूस किती वेळा रजा मागणार? उन्हाळ्यात पप्पांनी संकोचाने दोन महिने मागितलीच नाही. गोळ्या संपल्या. ते दिवस मला लिहायचे नाहीत. इतकंच सांगते, पप्पा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे आणि आई त्यांना क्षणभरही एकटं सोडत नव्हती.

शेवटी मॅडमनी माझी वही पाहिली. महिन्यातून एकदा मुखेडातच तपासणी आणि गोळ्या, असा प्रस्ताव त्यांना पाठवायचा होता. पण त्यासाठी स्वतः उपचार घेणाऱ्या किंवा घ्यायची तयारी असणाऱ्या निदान पाच जणांची नावं हवी होती. त्यातलाच एक जण या कामावर लक्ष ठेवणाऱ्या समितीत बसणार होता. नुसत्या शेजाऱ्यांच्या जोरावर हे काही जमायचं नाही, असं त्या हसून म्हणाल्या.

कुणी हललं नाही. जो तो आपापल्या चपलांकडे बघत होता. मुखेडातच गोळ्या! माझ्या डोक्यात अख्खं भाषण तयार झालं आणि मी अर्धी उठलेसुद्धा. मागच्या रांगेतून पप्पांनी हातानेच खूण केली, बस. मग त्यांनी कपांचा ट्रे खिडकीत ठेवला.

“मॅडम, लिवा. आनंदराज. चार वर्सं झाले, मी गोळ्या खाऊन राहिलो.”

सगळ्या माना वळल्या. मागून एक जण शेजाऱ्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “म्हंजे आपला च्या येडा माणूस करून राहिला का?”

दोघं-तिघं हसले. याच शब्दाला तर पप्पा चार वर्षं भीत होते.

“हाव,” पप्पा म्हणाले. “अन् तू दोन कप पिलास.”

आता सगळं सभागृह हसलं, आणि या वेळचं हसू पप्पांच्या बाजूचं होतं. मॅडमही हसल्या. सरजाबाई मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या बचत गटाच्या बायकांबरोबर आल्या होत्या.

“मंग माझी पानं कशाला खाल्ली रे आनंदा?”

“तुम्ही मायेनं आणत होत्या, मावशी.”

मावशी पदराशी चाळा करत बसल्या. मग उठून माझ्या टेबलापाशी आल्या आणि वहीवर बोट ठेवलं.

“पोरी, मगाशी म्या शेजारनीचं सांगितलं, ते खोड. हिकडं लिही. सरजाबाई.”

त्यानंतर मला खोडाखोड आवरेना. बैठक संपली तेव्हा ‘स्वतः’मध्ये आठ नावं होती, पप्पांचं सगळ्यांत वर, आणि माझं अक्षर कधी नव्हे इतकं वाईट आलं होतं. समितीसाठी मॅडमनी पप्पांचंच नाव घातलं.

आम्ही घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. आईने भाकरी वाढली आणि काय काय सांगितलं ते विचारलं. पप्पा म्हणाले, सगळं. तिने आपली भाकरी टोपल्यात परत ठेवली. पप्पा मात्र दोन भाकरी जेवले.

गोळीने त्यांना गुंगी येते. एरवी ते दार लावून आत झोपायचे; त्या दुपारी उघड्या दारापाशीच चटई टाकून झोपले, गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे. आई दार लोटायला उठली. कडीला हात लावून थोडी थांबली. मग पप्पांच्या पायांवर ऊन येत होतं, तेवढ्यापुरतं चौकटीला गोणपाट अडकवून ती आत गेली.