मंगळवारची चौकट

मित्रांनो, मी एका लहानशा दवाखान्याच्या वेबसाइटवरचा जुना तक्ता आहे. कोणते डॉक्टर कोणत्या वारी, किती वाजता येतात, एवढंच मी सांगतो. काम अगदी सरळ आहे, पण ते मला कुणी सरळपणे करू देईल तर शपथ! आठ वर्षं मी मुकाट्याने सोसलं. आता मात्र माझ्याच्याने राहवत नाही, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या कॉम्प्युटरवर झाला. इथल्या व्यवस्थापकांना सगळे साहेब म्हणतात. त्यांची भाची तेव्हा कॉलेजात वेबसाइट बनवायला शिकत होती. तिने एक प्रोग्रॅम उघडला. त्यात पान लोकांना जसं दिसणार तसंच समोर दिसतं, आणि माउसने हवी ती गोष्ट हवी तिथे ठेवता येते. तिने तक्त्याचं बटण दाबलं, तीन ओळी आणि सात रकाने मागितले, आणि मी जन्माला आलो. रविवारी दवाखाना बंद, म्हणून सहा रकाने वारांचे आणि पहिला वेळेचा. वरच्या ओळीत वार, खाली सकाळ, त्याखाली संध्याकाळ. सकाळच्या ओळीत पोरीने एकेक चौकट भरली. सोमवारी पोटाचे डॉक्टर, मंगळवारी दातांचे, बुधवारी डोळ्यांचे, गुरुवारी कानाचे. रेषा बारीक, अक्षरं काळी, मागे पांढरं. दिसायला साधा होतो, पण नीटनेटका होतो.

जाताना तिने मामाला बजावलं, "मामा, एखादे डॉक्टर येणार नसतील तर चौकटीतली अक्षरं तेवढी पुसायची. चौकटच काढून टाकायची नाही हं, नाहीतर पुढच्या सगळ्या सरकतील."

"तू मला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून टायपिंग करतोय मी," साहेब म्हणाले.

भाची हसून निघून गेली. खरं सांगतो, तेव्हा मलाही हसू आलं होतं.

पहिली दोन वर्षं सुखाची गेली. स्वागतकक्षातल्या ताईंचा फोन दिवसभर खणखणायचा, तो निम्म्यावर आला. "हा तक्ता आहे म्हणून दुपारचे दोन घास तरी सुखाने खाता येतात," असं त्या एकदा सफाईच्या मावशींना म्हणाल्या. माझ्या वाट्याला आलेलं हे एकुलतं एक कौतुक.

मग साहेबांना हौस आली. दर शनिवारी ते माझ्यापुढे ठाण मांडून बसू लागले. एका शनिवारी त्यांनी मला पिवळा केला आणि अक्षरं पांढरी केली. वाचणाऱ्यांनी काय डोळे फोडून घ्यायचे? पुढच्या शनिवारी माझी कड माउसने धरून इतकी ओढली, की शनिवार पानाच्या बाहेर जाऊन बसला. एकदा त्यांना वेळा चौकटीच्या मधोमध हव्या होत्या. त्यासाठी एक बटण असतं हो! पण नाही. ते स्पेसबार दाबत बसले, वीस वेळा, तीस वेळा, आणि फोनवर उघडून पाहिलं तर सगळ्या वेळा पायऱ्यांसारख्या खाली उतरलेल्या. सोमवारच्या चौकटीत त्यांनी दवाखान्याच्या इमारतीचा फोटोही चिकटवला. सोमवार फुगला आणि बाकीचे वार चेपून गेले.

ही हौस फिटली, तर मग दीड वर्ष माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळचे हाडांचे डॉक्टर दवाखाना सोडून गेले, तरी मी आपला त्यांची वेळ सांगतोच आहे. लोक लंगडत यायचे आणि ताईंवर डाफरायचे. त्या बिचाऱ्या काय करणार? मला हात लावायचा अधिकार साहेबांनी स्वतःकडे ठेवला होता.

पण मित्रांनो, हे सगळं मी पोटात घातलं असतं. त्या आजोबांचं झालं ते मात्र मला सहन होत नाही.

आजोबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्या पाच वर्षांच्या नातीला कमी ऐकू येतं. तिला घेऊन ते दर खेपेला दोन बस बदलून यायचे. कान तपासून झाले, मापं झाली. आता फक्त मशीन कानात बसवायचं राहिलं होतं, आणि ते त्याच आठवड्यात बसवायला हवं होतं. सोमवारी तिची शाळा सुरू होत होती. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, की मशीन लावूनच पाठवा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

नेमक्या त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांनी रजा घेतली. साहेब आले, मंगळवारच्या चौकटीवर गेले आणि चौकट काढून टाकली. नुसती अक्षरं नव्हे, अख्खी चौकट! मी ओरडणार तरी कसा? सकाळची सगळी ओळ एकेक घर डावीकडे सरकली. डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी आले, कानाचे बुधवारी आले, आणि शनिवार रिकामा पडला. साहेबांनी माझ्याकडे धड पाहिलंही नाही. जतन केलं, वेबसाइटवर चढवलं आणि चहा प्यायला गेले.

बुधवारी सकाळी नऊ वाजता आजोबा नातीचा हात धरून ताईंसमोर उभे.

"आजोबा, कानाचे डॉक्टर उद्या येतात," ताई म्हणाल्या.

"असं कसं? तुमच्याच तक्त्यात बुधवार लिहिलंय." आजोबांनी फोन पुढे केला. "एरवी आम्ही गुरुवारीच येतो. बुधवार दिसला, म्हटलं वार बदलला असेल. दुकान बंद ठेवून आलोय हो. उद्या पुन्हा कसं जमणार?"

ताईंनी फोनकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. इतक्यात साहेब आतून आले.

"दातांच्या डॉक्टरांची रजा तेवढी मी टाकली. बाकी कशालाही हात लावलेला नाही," ते म्हणाले. "तुम्हीच काहीतरी घोळ घातला असेल, ताई. नाहीतर कॉम्प्युटर बिघडला असेल."

कॉम्प्युटर बिघडला असेल! अहो, मी स्वतःहून एक रेषही कधी हलवलेली नाही.

साहेब निघून गेले. ताई म्हणाल्या, "आजोबा, माझं घर मागच्याच गल्लीत आहे. आज आमच्याकडे राहा. उद्या तुमचा नंबर पहिला."

"नको हो, तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास तर आम्ही तुम्हाला दिलाय," ताई म्हणाल्या.

आजोबांनी नातीकडे पाहिलं. ती ताईंच्या ओठांकडे एकटक बघत होती. मग त्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी निघण्यापूर्वी ताई माझ्यासमोर बसल्या. आठ वर्षांत पहिल्यांदाच कुणी पडद्यावर बोट ठेवून माझ्या चौकटी मोजल्या. वरच्या ओळीत सात, सकाळच्या ओळीत सहा. "अरे देवा," त्या पुटपुटल्या. त्यांनी मंगळवारच्या जागी नवी चौकट घातली. सगळे डॉक्टर आपापल्या घरी परतले. नव्या चौकटीत त्यांनी 'रजा' असं लिहिलं. अधिकार नव्हता, तरी लिहिलं.

गुरुवारी नात डॉक्टरांच्या खोलीत गेली, आणि ताईंनी साहेबांना माझ्यासमोर बसवलं. माझी एक प्रत उघडून त्या म्हणाल्या, "साहेब, रजा कशी टाकलीत ते जरा करून दाखवता?"

"त्यात काय दाखवायचंय?" साहेबांनी रुबाबात चौकट काढली. त्यांच्या डोळ्यांदेखत सगळी ओळ सरकली. कानाचे डॉक्टर टुणकन बुधवारखाली जाऊन बसले. साहेबांचा हात माउसवर तसाच राहिला.

तेवढ्यात आजोबा आणि कानात नवं मशीन लावलेली नात बाहेर आले. नात आमच्याकडे पाठ करून बाकावर बसली आणि बुटाचा पट्टा लावू लागली. साहेब उठले. कुणी बघत नाही ना, याची त्यांनी खात्री केली. मग आजोबांच्या जवळ जाऊन अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "आजोबा, चूक माझीच होती. माफ करा."

बुटाचा पट्टा सोडून नात गर्रकन वळली.

"आजोबा, ते काका माफी का मागतायत?"

आजोबांनी तिला उचलून कडेवर घेतलं.

मित्रांनो, मला हवं तर पिवळा करा, निळा करा, माझ्या रेषा जाड करा. मी चडफडेन, पण सोसेन. फक्त जतन करण्याआधी एकदा मला या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचून पाहा. माझ्यावर विश्वास ठेवून कुणीतरी घरातून निघालेलं असतं.