किम्मोनं लावलेले दगड

आर्वो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, शेगडीवरचे दगड ओल्या फडक्यानं पुसत होता. आज नातवाची पहिली सौना. वाफेत अंगावर थोपटायची बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडीही त्यानं सकाळीच बांधून ठेवली होती. सून इल्मा बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिनं दगड पाहिले आणि बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"बाबा, हे दगड काढायला हवेत."

"का गं? किम्मोनं लावलेत. एकेक किनाऱ्यावरून वेचून."

किम्मो तिचा नवरा. मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ पिचला, त्यात गेला. तेव्हापासून सौना पेटलीच नव्हती. हे तांबूस दगड त्यानं गेल्या उन्हाळ्यात, दिसायला छान म्हणून, जुने काळे काढून बसवले होते. इल्मा तेव्हा गरोदर, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेली. बाळंतपणानंतरही ती इकडे आली नव्हती; ते तिनं आजच पाहिले.

"हा ग्रॅनाइट आहे," ती म्हणाली. कॉलेजात ती हेच शिकली होती. "जमिनीत खोलवर, अगदी सावकाश निवलेला. म्हणून दाणे असे मोठाले. त्यात गारगोटी भरपूर, आणि तापल्यावर प्रत्येक दाणा आपापल्या परीनं फुगतो. तुमचा तो जुना काळा दगड, डायबेस, भेगांतून वर आला आणि लवकर थिजला. वीण बारीक, गारगोटी जवळजवळ नाहीच. तो तापतो-निवतो तरी टिकतो. याच्यावर गार पाणी पडलं तर फुटेल."

"कॉलेजात नवऱ्याच्या चुका काढायला शिकवतात वाटतं."

तिला ते लागलं नाही. हल्ली काही लागतच नव्हतं. शेगडी किती उंच आणि बाळाचे डोळे किती उंच, एवढंच ती बघत होती.

"उन्हाळाभर पाणी मारलं त्यानं यावर," आर्वो म्हणाला.

"आत तडे गेले असतील."

"बघू या मग. तुम्ही दोघं बाहेर बसा."

त्यानं शेगडी पेटवली आणि तोही येऊन पायरीवर बसला. धूर सरळ वर जात होता.

"दात आला का याला?"

"दोन आले."

"किम्मोला उशिरा आले होते."

दगड चांगले तापले तेव्हा आर्वो उठला. दाराआड उभा राहून त्यानं लांबूनच लाकडी पळीनं पाणी फेकलं. चर्र झालं, वाफ उठली आणि आत काहीतरी ताडकन फुटलं. लाकडावर खडखडाट झाला. वाफ विरल्यावर दोघांनी डोकावून पाहिलं. खालच्या बाकावर, बाळाला घेऊन बसतात तिथंच, बोटभर लांब धारदार कपची पडली होती.

आर्वोनं दार लावून घेतलं.

"हे त्याला कळलं नाही ते बरंच. रुसून बसला असता."

"जेवलाही नसता."

"जेवला असता. बोलला नसता."

दुसऱ्या दिवशी शेगडी निवल्यावर आर्वोनं तांबूस दगड एकेक करून बादलीत टाकले आणि लाकडांच्या खोपटामागून जुने काळे आणले. दोघांनी मिळून ते रचले, मोठे खाली, लहान वर. एक तांबूस दगड इल्माच्या हातातच भुगा होऊन सांडला. तिनं तळवा पुसला.

"यातला एखादा ठेवायचा का?" आर्वोनं विचारलं. "आठवण म्हणून?"

बाळ, ताइस्तो, खाली जमिनीवर रांगत बादलीकडेच निघाला होता. इल्मानं त्याला उचललं.

"नको. हा तोंडात घालेल."