मागची पावलं

"आवं काकू, शिबिर काल संपलं की!"

रंकाळ्याच्या टॉवरखाली आकाराम हवालदार एकटाच उभा होता. गळ्यात शिट्टी नव्हती, हातात नावांचा कागद नव्हता. गंगावेशीत धारेचं दूध प्यायला जाता जाता तो नुसता पाण्याकडं बघत थांबला होता. समोरून चंदनाकाकू पदर कमरेला खोचत आल्या, तसा तो हसायलाच लागला.

"हार घातला, बिल्ला लावला, डॉक्टरांनी भाषण ठोकलं. आता काय ऱ्हायलं? बाकीची मंडळी बघा, निम्म्यांनी कालच मिसळ हाणली असंल आणि आता गुडूप झोपल्यात."

"झोपू द्यात. मी जातो एक फेरी मारून," काकू म्हणाल्या.

"शिट्टी न्हाय आणली मी."

"नसू दे. हजेरी तेवढी घ्या."

"एका माणसाची हजेरी? पलटणीत असतो तर मला वेडा म्हटलं असतं लोकांनी."

काकू शिबिरात उभ्या राहायच्या तशाच, हात जुळवून, खाली बघत उभ्या राहिल्या. हवालदारानं इकडंतिकडं बघितलं, घसा खाकरला आणि सवयीनं हाळी दिली.

"बापूसो मगदूम!"

"हाईत," काकू म्हणाल्या आणि पळायला लागल्या.

बापूसो मगदूम म्हणजे त्यांचा नवरा. लक्ष्मीपुरीत त्यांचं भुसारी मालाचं दुकान. अंगानं जडशीळ माणूस, गादीवर बसला की दुपारपर्यंत उठायचा नाही. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी त्याला फैलावर घेतलं होतं. "मगदूम, औषधानं भागायचं नाही आता. साखरवाल्यांसाठी पळायचं शिबिर काढतोय, आधी चालायचं, मग हळूहळू पळायचं. तुमचं नाव पहिलं लिहितो." बापूसोनं मुकाट्यानं मान डोलावली होती. त्याच संध्याकाळी अरिहंतला, म्हणजे मुलाला, बरोबर घेऊन महाद्वार रोडवरून पांढरे बूट आणले, निळ्या पट्टीचे. ते पायाला सरावावेत म्हणून घरातल्या घरात, फरशीवर पोतं अंथरून, तो ते घालून फिरायचा. काकू स्वयंपाकघरातून बघायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

"हसतीस काय? बघशील, रंकाळ्याला फेरी मारून दाखवतो."

शिबिराला महिनाभर अवकाश होता. तेवढा महिना काही त्याला मिळाला नाही. दुकानात, गादीवर, तराजूला हात लावलेला तसाच तो गेला.

सुतक फिटलं तेव्हा त्याची थोरली बहीण आक्का घरात होती. आक्का शिरोळची, कडक बाई. तिनं बापूसोचे सदरे, टोपी, छत्री, चपला सगळं बाहेर काढलं आणि वाटून टाकलं. गेलेल्या माणसाच्या अंगावरचं, पायातलं घरात ठेवायचं नाही, ही रीत. काकूंनी सगळं दिलं. बूट तेवढे जोंधळ्याच्या डब्यात खाली दडवले. का दडवले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते बूट रस्त्यावर एकदाही गेले नव्हते, एवढंच त्यांच्या मनात होतं.

शिबिराच्या पहिल्या दिवशी त्या टॉवरला गेल्या त्या नवऱ्याचं नाव खोडा म्हणून सांगायला. गर्दी होती. हवालदार नावं घेत होता. "बापूसो मगदूम!" अशी हाळी आली आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, "हाईत."

लग्न होऊन आल्यापासून त्या असंच म्हणत आल्या होत्या. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या माडीवरच्या घराच्या दारात कुणी यायचं, "बापूसो हाईत का?" म्हणून ओरडायचं. बापूसो न्हाणीत असो की पूजेला बसलेला असो, आतून उत्तर द्यायचं काम काकूंचं. हवालदारानं नावापुढं खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. काकू तशाच रांगेत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या पातळाच्या चिंध्या कोंबून ते बूट पायात चढवले.

मग रोज नाव पुकारलं जायचं आणि रोज त्या "हाईत" म्हणायच्या. पुढं हवालदाराला बापूसो गेल्याचं कळलं, पण नाव बदलून घ्यायला काकूंनी सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही. त्यांना सगळे नुसतं काकू म्हणायचे. काकू पळायच्या त्या खाली बघून. मुंगीची रांग आली की उजवीकडं, गांडूळ दिसलं की डावीकडं. "काकू नागासारख्या पळत्यात," असं हवालदार म्हणायचा. "यांची फेरी आपल्या दोन फेऱ्यांएवढी!"

आणि संध्यामठ मागं पडला की ते सुरू व्हायचं.

तिथं वस्ती विरळ होते. पाण्यावर केंदाळ पसरलेलं, झाडांखाली अजून अंधार. काकूंना मागून पावलं ऐकू यायची. आपल्या पावलाच्या जरा मागून पडणारी, जड, घसटणारी. त्या हळू झाल्या की तीही हळू व्हायची. त्या थांबल्या की एक पाऊल उशिरा तीही थांबायची. पहिल्यांदा त्यांच्या अंगावर काटा आला होता. मग ओळख पटली. पोत्यावरून बूट घालून फिरताना असाच आवाज यायचा. घसट, टप. घसट, टप.

त्यांनी मागं वळून कधीच बघितलं नाही. जन्मभर त्या बापूसोच्या मागून चालल्या होत्या. देवळात जाताना, लग्नाला जाताना, जोतिबाच्या पायऱ्या चढताना तो पुढं आणि त्या चार पावलं मागं. त्याची रुंद पाठ बघत बघतच त्यांनी सगळं गाव बघितलं होतं. आता तो मागं होता. वळून बघितलं तर त्याला आवडणार नाही असं त्यांना वाटायचं. म्हणून त्या खाली बघूनच बोलायच्या. "शेंगदाणं चांगलं आल्यात अवंदा. अरिहंत बसतो गादीवर नीट. उधारी लई देतो, पण बसतो."

पावलं ऐकून घ्यायची.

म्हणून शिबिर संपलं तरी काकूंचं संपलं नाही. बरोबरीच्या बायका भाजी घेताना भेटायच्या, "काय काकू, अजून पळतासा?" म्हणायच्या आणि आपल्या गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या. दुकानात गिऱ्हाईकं अरिहंतला चिडवायची, "काय मालक, आईला ऑलिंपिकला धाडता काय?" तो घरी येऊन धुसफुसायचा. काकू ऐकून घ्यायच्या आणि पहाटे उठून जायच्या. एखादा दिवस चुकला तर तो तिथं संध्यामठापाशी ताटकळत उभा राहील, या विचारानं त्यांना झोप लागायची नाही.

आषाढ सरत आला. शिरोळला कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं तशी आक्का दरवर्षीसारखी माहेरी आली. पहिल्याच पहाटे तिनं काकूंना दारात गाठलं.

"चातुर्मासात मुनीमहाराजसुद्धा एका जागी बसत्यात, पायाखाली किडामुंगी नको म्हणून. आणि तू पळत सुटलीस!"

"खाली बघून पळतो मी, आक्का."

"खाली बघून? मग एखाद्या म्हशीवर जाऊन आपटशील!"

आतून सूनबाई, प्रियदर्शनी, फिदीफिदी हसली. काकूही हसल्या आणि पावसात निघून गेल्या. आक्का मात्र हसली नाही. काकू जिना उतरून जाईपर्यंत ती कान देऊन ऐकत राहिली.

पावसानं बूट भिजायचे, चिंध्या गोळा व्हायच्या. काकूंच्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि एके दिवशी निघालं. मोजा धुवायला घेतला तेव्हा प्रियदर्शनीला रक्त दिसलं. तिनं अरिहंतला हाक मारली. तो आला, कोपऱ्यातले बूट त्यानं उजेडात धरले आणि तिथंच खाली बसला.

"आई, हे तर आण्णांचं बूट."

आक्का जपाची माळ हातात घेऊन बाहेर आली. तिनं बूट बघितले आणि कपाळाला हात लावला. "पायातलं घरात ठेवू नकोस म्हणून मी जीव तोडून सांगितलं हुतं. जाणाऱ्याचा पाय अडकतो. तरीच म्हटलं मी!"

"तरीच काय, आक्का?" अरिहंतनं विचारलं.

"तरीच पहाटे ही जिना उतरती तवा हिच्या मागनं आणखी कोणतरी उतरल्यागत वाटतं मला. रोज. मी उठून बघतो तर कोण न्हाय."

काकूंनी एकदम मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला होता. "तुम्हालाबी ऐकू येतं?"

आक्का बघतच राहिली. मग तिचे डोळे भरले. ती काकूंच्या शेजारी जमिनीवर टेकली. "माझा भाऊ हाय त्यो, चंदना. मला काय त्यो नकोसा झालाय? पण त्याला उभ्या जन्मात दम कवा हुता का? जिना चढला तर घामानं निथळायचा. का पळीवतीस त्याला? जाऊ दे की."

दुसऱ्या दिवशी काकू देवळातून आल्या तेव्हा पाटावर नवे बूट होते. काकूंच्या चपलेवरून माप घेऊन अरिहंतनं आणले होते. त्यानं स्वतः खाली बसून आईच्या पायात ते घातले, नाड्या बांधल्या. "बघ कसं बसलं. पळायचं तर नीट पळ. कोण काय म्हणतंय ते मी बघतो."

पोरगा एवढं बोलला. काकूंना त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण नजर कोपऱ्याकडं गेली. कोपरा रिकामा होता.

"ते कुठं हाईत?"

"दिलं," आक्का म्हणाली. "कुणाला ते विचारू नये."

दुसऱ्या पहाटे नवे बूट पायात गच्च बसले होते. ना बोट टोचत होतं ना टाच घासत होती. पाऊल हलकं पडत होतं. पावसानं उघडीप दिली होती. काकू टॉवर, मग संध्यामठ ओलांडून झाडांखाली आल्या आणि कान मागं लावला.

काही नव्हतं.

त्यांचाच श्वास होता, आणि त्यांचीच पावलं, एकेरी. त्या हळू झाल्या. मग जोरात पळाल्या. मग थांबल्या. थांबल्या तिथंच सगळं थांबलं. एक उशिराचं पाऊल काही पडलं नाही. तेव्हा काकूंनी पहिल्यांदा मागं वळून बघितलं. ओला रस्ता, गळून पडलेली पानं, आणि लांबवर कुणाची तरी म्हैस पाण्याकडं निघालेली.

सैल बुटांची टाच आपटत होती, एवढंच असणार. हे त्यांना तेव्हाच समजलं की आधीपासून ठाऊक होतं, कोण जाणे. त्या चालत घरी आल्या.

त्यानंतर बरेच दिवस काकू गेल्या नाहीत. घरातल्यांना वाटलं, सुटलं. पण पायांना शिबिर संपल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. रोज त्याच वेळेला ते जागे व्हायचे. काकू उंबऱ्यावर येऊन बसायच्या, पोटऱ्या चोळायच्या, उजाडायची वाट बघायच्या. एका पहाटे आक्का उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"अशी का बसतीस? जायचं तर जा की."

"ऐकू येत न्हाय आता, आक्का."

आक्कानं जिन्याकडं बघितलं. "मलाबी न्हाय," ती म्हणाली. आणि मग, आवाज चढवून, "म्हणून काय पाय मोडून बसणार हाईस? ऊठ. मुंग्या बघून पळ."

काकू उठल्या.

टॉवरखाली हवालदार होता. त्यानं लांबूनच हात केला. "आलासा? मला वाटलं तुम्हीबी मिसळीला लागलासा."

"न्हाय. बूट बदललं."

"ब्येस केलंसा. त्या होडग्यात पळताना बघून माझं पाय दुखायचं."

काकू हात जुळवून उभ्या राहिल्या. हवालदाराला आता सांगावं लागत नसे. त्यानं घसा खाकरला.

"बापूसो मगदूम!"

काकूंचे ओठ सवयीनं उघडले आणि तसेच राहिले. पाण्यावरून गार वारा आला. केंदाळाच्या कडेला बगळे एका पायावर उभे होते. हवालदार वाट बघत होता.

"न्हाईत," काकू म्हणाल्या.

हवालदारानं मान खाली घातली. पायातली चप्पल थोडी हलवली. पलटणीत त्यानं असली उत्तरं ऐकली असतील. मग त्यानं विचारलं, हळूच, "तुमचं नाव काय वो, काकू? इतकं दिस झालं, कवा विचारलंच न्हाय मी."

काकूंनी सांगितलं.

हवालदार ताठ झाला, छाती भरून घेतली आणि परेडच्या मैदानावर द्यावी तशी हाळी दिली. "चंदना मगदूम!" बगळे भर्रकन उठले.

"हाय."

आणि काकू पळायला लागल्या, खाली बघत, मुंग्या चुकवत. नवे बूट काही आवाज करत नव्हते. संध्यामठ आला तशा त्या, मागच्याला पुढं जाऊ द्यावं म्हणून, वाटेच्या अगदी कडेला सरकल्या. जणू पुढं एक रुंद पाठीचा माणूस चालत असावा आणि आपण त्याच्यावर आपटू नये, एवढं अंतर ठेवून त्या पळत राहिल्या.