प्याला आधी, तपासणी नंतर

मी बोलतोय तो संग्रहालयातल्या या काचेच्या पेटीतून. पुरुषभर लांबीचं, पोटात फाटलेलं नळकांडं. खाली पाटी आहे: 'वीराचा अग्निबाण'. लिहिणाऱ्याने आधी मला विचारायला हवं होतं.

मुळात मी गावातल्या न्हाणीघराच्या बंबाचा नळ. संध्याकाळी कोळी, सुतार, सासवा-सुना यायच्या, माझ्या जिवावर गरम पाण्यात बसून शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. इज्जतीचं काम होतं. मग महायुद्धात जपान हरायला लागला. असं बोलायची बंदी होती, पण आरमाराची माणसं घरोघर लोखंड मागत फिरायला लागली की काय ते कळतंच. त्यांनी मला बंबातून उपटलं, कापलं आणि पोटात बारुदाच्या जाड कांड्या कोंबल्या.

मला आणि माझ्या जुळ्याला एका प्लायवुडच्या बोटीमागे बांधलं. बोटीच्या नाकात स्फोटकं भरायची, शेवटच्या टप्प्यात आम्ही दोघांनी पेट घ्यायचा आणि बोट शत्रूच्या जहाजावर नेऊन आदळायची. ही अक्कल ॲडमिरल कुराहाशींची. या गृहस्थांनी जन्मात स्वतःचा चहाचा पेलासुद्धा उचलून ठेवला नव्हता.

आम्ही दोघं कधी एकदम पेटलोच नाही. दर चाचणीला रिकामी बोट उजवीकडे वळायची आणि खडकावर जायची.

"हामुरोसान, तुमच्या नळकांड्यांची सासुरवाडी आहे का हो तिकडे?" मुनाकाता विचारायचा. पोरगा बावीस वर्षांचा, बोटी चालवणारा, सदा भुकेला.

इंजिनिअर हामुरो चष्मा पुसायचे. "कांड्या सारख्या वाळत नाहीत रे. अजून वेळ हवा."

"मग सांगा की वर."

"सांगतो, सांगतो."

सांगितलं. पण इतकं वाकून, इतकं मऊ करून की ॲडमिरलना त्यात अडचण अशी सापडलीच नाही. "सरळ जात नाही ना? मग सुकाणूवर माणूस बसवा." बैठकीतल्या सगळ्या म्हाताऱ्या अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. सुकाणूवर त्यांच्यापैकी कुणाचंच पोर बसणार नव्हतं.

माणूस बसवून घ्यायची पहिली चाचणी स्फोटकांशिवाय होती. मुनाकाताने जायचं आणि परत यायचं. आमच्या तळावर रीत अशी की आधी यंत्राची तपासणी, मग निरोपाचा साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, प्याला. प्याला घेतलेला माणूस मागे फिरत नाही, म्हणून तो अगदी शेवटी. पण त्या दिवशी ॲडमिरलना दुसऱ्या तळावर जेवायला जायचं होतं. म्हणून प्याला आधी.

मुनाकाताने प्याला रिकामा केला, वाकला, बोटीत बसला. त्यानंतर हामुरोंनी माझं झाकण उघडलं. आतल्या कांडीला उभी चीर गेली होती. अशी कांडी नीट जळत नाही, फुटते. हामुरोंना हे माहीत होतं.

"साहेब, ही एक कांडी..."

"काय?"

"जरा... पाहावी लागेल."

"प्याला झालाय, हामुरो." ॲडमिरल घड्याळ बघत होते. "आता सगळ्यांदेखत उतरवायचं त्याला? त्याच्या अब्रूचा तरी विचार करा."

मुनाकाता मागे वळला. हळूच म्हणाला, "हामुरोसान, एवढंच म्हणा, आज नको. मी म्हटलं तर भित्रा ठरेन. तुम्ही इंजिनिअर आहात."

हामुरोंनी स्वतःच्या बुटांकडे बघितलं आणि झाकण परत बसवलं.

मी फुटलो. बोट खडकापर्यंतसुद्धा गेली नाही.

ॲडमिरल जेवायला वेळेवर पोहोचले. युद्धानंतर शेवंती लावत बसले, म्हातारे होऊन अंथरुणात मेले. मी एका कोळ्याच्या जाळ्यात सापडलो. मला घासूनपुसून इथे मांडलं आणि पाटीवर लिहिलं की मुनाकाता हसत हसत गेला.

हामुरो दरवर्षी येतात. काठी टेकतात, माझ्यापुढे कमरेत वाकतात आणि निघून जातात. यंदा सोबत नात होती. तिने पाटी वाचली.

"आजोबा, तुम्ही होतात ना तिथे? खरंच हसत होता तो?"

हामुरो पाटीकडे बघत राहिले. "तसं लिहिलंय ना," म्हणाले, आणि पुन्हा वाकले.

अहो हामुरो, मी बंबाचा नळ आहे. मला कसले नमस्कार घालता? पोरगी अजून तुमच्या तोंडाकडे बघतेय. ताठ उभे राहा आणि तिला सांगा.